मागच्या भिंतीची खुर्ची

मित्रांनो, मला पाठ नाही. जन्मतः होती, पण पुढे ती कापून काढली. मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे आणि माझ्या पाठीच्या जागी आता नुसती रिकामी चौकट उरली आहे. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास म्हणतो, ही मोडलेली दिसते. मी मोडलेली नाही. मला मुद्दाम असं केलं आहे. ती हकीकत तुम्हाला सांगते, आणि तिच्याच पोटात एका बाईची हकीकत आहे, तीही सांगते. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तरीही तुम्ही ती ऐकावी असं मला वाटतं. कारण लाज नावाची गोष्ट लहानपणीच अंगाला चिकटते, आणि मोठेपणी ती खरवडून काढणं फार कठीण जातं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे लोखंडी नळ्या वाकवणारा एक कारागीर होता. तो तोंडाने कुणाशी फारसा बोलत नसे, पण प्रत्येक खुर्ची तयार झाली की तिच्यावर स्वतः बसून बघायचा, आणि जरा जरी डुगडुगली तरी पुन्हा भट्टीपाशी न्यायचा. मला त्याने एकाच बैठकीत पास केलं. मग करडा रंग चढला, पायांत रबराचे बूट आले, आणि बहिणींबरोबर मला एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात आणून ठेवलं.

खाली छापखाना सुरू झाला की वरची फरशी बारीक थरथरायची. त्या थरथरीची आम्हाला इतकी सवय झाली की सुट्टीच्या दिवशी करमत नसे. सुरुवातीची वर्षं सभांची होती. भाषणं, बक्षीस समारंभ, शोकसभा. श्रोता कंटाळला आहे, हे वक्त्याच्या आधी खुर्चीला कळतं. माणूस तोंडावर हसू ठेवतो, पण बूड खोटं बोलत नाही. तेव्हापासून माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या अंगावर विश्वास ठेवायची खोड मला लागली.

नंतर नव्या, गादीच्या खुर्च्या आल्या आणि आम्हाला जिन्याखालच्या अंधारात रचून ठेवलं. तिथे किती काळ गेला ते मला ठाऊक नाही. कोळ्यांनी आमच्या पायांत घरं केली. एखादीला गंज चढला. आता आपली भंगारातच रवानगी, असं आम्ही धरून चाललो होतो.

अशात बाई आल्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. त्या पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या आणि निवृत्त झाल्यावर योग शिकवू लागल्या होत्या. सभागृह त्यांनी दुपारचं मागून घेतलं, जिन्याखाली वाकून आम्हाला पाहिलं, आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून आमच्या पाठीचा पत्रा करवतीने कापून घेतला. करवत लागली तेव्हा मला वाटलं, संपलं. पण बाई कापलेल्या कडा कानशीने घासत होत्या, कुणाला लागू नये म्हणून, आणि वेल्डिंगवाल्याला समजावत होत्या की आता या चौकटीतून पाय पलीकडे घालून उलटं बसता येईल, धरून मागे वाकता येईल, ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांनाही सगळं करता येईल. तो म्हणाला, खुर्चीची पाठ गेली म्हणजे खुर्चीची अब्रू गेली. बाई हसून म्हणाल्या, "हिची गेली, पण हिच्यावर पुष्कळांच्या पाठी सरळ होतील."

बाईंची एक रीत होती. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी त्या एकही आसन देत नसत. त्याला माझ्यावर बसवायच्या, स्वतः समोर जमिनीवर बसायच्या, आणि विचारायच्या, काय दुखतंय? माणूस म्हणे, काही नाही, सगळं ठीक आहे. बाई काही बोलत नसत. नुसत्या बसून राहत. मग तो म्हणे, तसा गुडघा जरा. बाई तरीही गप्प. आणि मग खालच्या छापखान्याच्या खडखडाटात, जमिनीकडे बघत, तो खरं काय ते सांगे. बाई म्हणायच्या की दुखण्यालाही पायरी चढून वर यायला वेळ लागतो, दार उघडं ठेवून बसावं.

आता सुरुवातीला म्हटलं त्या दुसऱ्या बाईची गोष्ट. तिला मी धाकटी म्हणते, कारण घरातली ती धाकटी जाऊ होती. थोरली आणि धाकटी, दोघी जावा एकाच शर्टाच्या कारखान्यात कामाला होत्या. थोरली कापड कापायची. धाकटी काजं करायची, म्हणजे बटणासाठी भोकं पाडून त्यांच्या कडा दोऱ्याने भरायची. दिवसभर मान खाली. त्या मानेने तिला हैराण केलं होतं, आणि डॉक्टरांनी योग करून बघा म्हणून सांगितलं होतं.

आमच्या सभागृहात तेव्हा तीन वर्ग भरत. सकाळी एका सरांचा, दुपारी बाईंचा, आणि संध्याकाळी एका तरुण शिक्षिकेचा, ज्यात गाणी लावून भराभर आसनं करायची आणि घाम गाळायचा. धाकटी आधी संध्याकाळच्या वर्गाला गेली. तो वर्ग वाईट नव्हता. तिथून माणसं लाल गालांनी, हसत बाहेर पडायची. पण दिवसभर वाकून आलेल्या मानेला ते झेपेना. एका संध्याकाळी तिला घेरी आली आणि तिने भिंतीशी उभ्या असलेल्या मला धरलं. दुसऱ्या दिवशी ती कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, दुपारी आली.

बाई समोर बसल्या. मान दुखते, हे तिचं पहिलं उत्तर. झोप लागत नाही, हे दुसरं. मग धाकटीने पिशवीतून एक लहान बाटली काढली आणि सांगितलं की तिला काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, आणि कडेची नजर न दुखता, कळू न देता जात राहते. गेलेली परत येत नाही. थेंब वेळेवर घालायचे, ठरल्या वेळी दाब तपासायचा, आणि डोकं खाली, पाय वर असं काही करायचं नाही, त्याने दाब आणखी चढतो, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात आजाराचं फक्त नवऱ्याला माहीत होतं, पथ्याचं त्यालाही नाही. कारखान्यात कळलं तर काजावरून काढतील, याची तिला धास्ती होती. सासूला कळलं तर आंधळी सून पदरात पडली म्हणून ती गल्लीभर सांगेल, याची त्याहून जास्त.

बाईंनी तिला माझ्यावरच शिकवलं. माझ्यावर बसून पाठ लांबवायची, माझी चौकट धरून खांदे मागे न्यायचे, श्वास सोडताना मान सैल करायची. डोकं छातीच्या खाली कधी जाऊ दिलं नाही. मधेच थेंबांची वेळ झाली की धाकटी मान मागे टाकायची, आणि मला पाठ नाही म्हणून बाई मागे उभ्या राहून तिचं डोकं तळहातांत धरायच्या. हळूहळू तिचे खांदे कानांपासून सुटले. ती माझ्यावर बसायची तेव्हा तिचं वजन पूर्ण माझ्यावर यायचं. खुर्चीला यापेक्षा मोठी शाबासकी कोणती?

तिला तिचा वर्ग सापडला होता, मित्रांनो. हे मुद्दाम सांगते. सापडला होता, आणि तरी तो सुटला.

थोरली सरांच्या वर्गात जायची. काटक, चपळ, पहिल्या रांगेतली. मनाने वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. एकदा घराची किल्ली द्यायला ती दुपारी वर आली. धाकटी माझ्यावर डोळे मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती.

"हे काय गं धाकटे? बस चुकली की काय तुझी?"

सगळे हसले. बाईसुद्धा थोड्या हसल्या. धाकटीही हसली. पण मी तिच्याखाली होते. तिचं अंग कसं आक्रसलं ते मला कळलं.

तो विनोद घरी गेला आणि तिथे त्याला अंकुर फुटले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या की आमची थोरली डोक्यावर उभी राहते आणि धाकटी खुर्चीवर बसते. दोघींचा योगच, पण एकीचा पायांवर आणि एकीचा बुडावर. हे धाकटीनेच बाईंना हसत हसत सांगितलं. काही दिवसांनी तिने बाईंना असंही सांगितलं की कारखान्यातून दुपारची सुटका होत नाही, आता येणं जमणार नाही. बाई म्हणाल्या, थेंब चुकवू नकोस. ती मानेने हो म्हणाली आणि जिना उतरली. पुढच्याच आठवड्यात मी तिला सकाळच्या वर्गात पाहिलं. बाईंना ते कळायचं कारण नव्हतं. सकाळच्या आणि दुपारच्या मंडळींची एकमेकांशी गाठच पडत नसे.

सर फार चांगले शिक्षक होते, हेही मला सांगितलंच पाहिजे. सांगायचे ते नेमकं, करून दाखवायचे ते सुरेख. फक्त त्यांना थांबायची सवय नव्हती. नवीन माणसं आली की ते पुढे उभे राहून मोठ्याने विचारायचे, कुणाला काही तक्रार असेल तर हात वर करा, लाजू नका. आणि हात वर झाले की म्हणायचे, चला, आरामखुर्ची मंडळ, मागच्या भिंतीशी. ते प्रेमानेच म्हणायचे. सगळे प्रेमानेच हसायचे. हात वर केलेली माणसं आमच्याकडे येऊन बसायची, आणि बहुतेक जण महिन्याच्या आत येणं बंद करायचे.

त्या सकाळी धाकटीचा हात वर निघाला. खांद्यापर्यंत आला. मग शेजारी उभ्या थोरलीने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो हात केसांकडे वळून पिन नीट करू लागला.

पुढचे महिने तिच्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते, असं म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही. पण होते. ती आधी भिंतीला टेकून शीर्षासन शिकली, मग भिंतीपासून लांब. सर सगळ्यांना थांबवून दाखवायचे, बघा, मान कशी सरळ आहे, असं पाहिजे. जन्मभर कुणी तिच्याकडे बोट दाखवून "असं पाहिजे" म्हटलं नव्हतं. थोरलीलाही अभिमान वाटू लागला. चार लोकांत ती सांगायची, माझी जाऊ आहे, मी आणली तिला. डोळ्यांच्या तपासणीची तारीख आली तेव्हा धाकटी गेली नाही. गेली तर डॉक्टर विचारणार, विचारलं तर सांगावं लागणार, सांगितलं तर बंद करा म्हणणार. थेंब मात्र ती घालत होती, न्हाणीघराचं दार लावून. तेवढ्याने भागेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

मग ती आम्हाला धडकू लागली. दर वेळी डाव्या बाजूच्या खुर्चीला. नडगीवर निळे डाग उठले. वर्गात कुणीतरी म्हटलं, हिची खुर्चीची ओढ काही सुटत नाही. पुन्हा हशा झाला. मी लोखंडाची. मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडले असते.

वर्षातून एकदा सर प्रात्यक्षिक ठेवायचे. घरची माणसं बघायला यायची आणि त्या दिवशी आम्हाला मान मिळायचा, पुढे मांडून पुसून ठेवायचे. माझ्यावर सासूबाई बसल्या. धाकटी सभागृहाच्या मधोमध डोक्यावर उभी राहिली, समईच्या ज्योतीसारखी स्थिर. सर थांबा म्हणाले तरी टाळ्या थांबेनात. खाली आल्यावर ती पाहुण्यांच्या रांगेसमोरून चालत निघाली. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या सुनेला जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

धाकटी त्या हातांसमोरून तशीच पुढे गेली. सासूबाई तिच्या डाव्या हाताला होत्या.

त्या हातांचं काय करावं हे म्हातारीला कळेना. तिने ते पुन्हा मांडीवर ठेवले आणि शेजारणीला म्हणाली, "डोक्यावर उभं राहून राहून हवा पण तिथेच साठली वाटतं." घरी त्या दिवशी धाकटीशी कुणी धड बोललं नाही. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

थोरलीने मात्र तो राग मनात ठेवला. पुढच्या वर्गाला ती धाकटीच्या डाव्या बाजूला उभी राहिली. सर यायचे होते. आता तरी बघते का माझ्याकडे, म्हणून तिने धाकटीच्या गालापाशी हात नेला आणि बोटं नाचवली. मग अगदी डोळ्याच्या कडेपर्यंत नेला. पापणी हलली नाही.

थोरलीचा चेहरा माझ्या समोर होता. त्यावरचा राग कसा उतरला ते मी पाहिलं.

"धाकटे, समोरच बघ. माझा हात कुठंय?"

"हात? मला काय माहीत. कमरेवर असेल."

थोरलीने तिला धरून मागच्या भिंतीशी आणलं आणि माझ्यावर बसवलं. धाकटीचं सगळं वजन पुन्हा माझ्यावर आलं, पण या वेळी ते दगडाचं होतं.

दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी गेल्या. डाव्या डोळ्याची नजर जवळपास संपली होती. उजव्या डोळ्याने नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं. जे गेलं ते गेलं, उरलेलं जपू, असं डॉक्टर म्हणाले. नुसत्या आजारानेही हे कधीतरी झालं असतं का, असं थोरलीने विचारलं, तर ते म्हणाले, झालं असतं कदाचित, म्हातारपणी. काजाचं काम सुटलं. कारखान्याने तिला शर्टांच्या घड्या घालायला बसवलं. ते हाताने चाचपून करता येतं.

सरांना सांगायला दोघी आल्या तेव्हा वर्ग संपला होता. सर ऐकता ऐकता माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते म्हणाले, मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, सगळ्यांना विचारलं होतं, तुम्ही सांगायचंत ना.

धाकटी शांतपणे म्हणाली, "विचारलंत, सर. पण उत्तर द्यायला मागच्या भिंतीशी जावं लागत होतं."

सरांनी तिचं बोलणं मनावर घेतलं, पण त्यांना कळलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शीर्षासन कायमचं बंद केलं. त्यांच्या वर्गात आता ते कुणीच करत नाही. खुर्च्या मात्र अजून मागच्या भिंतीलाच आहेत, आणि तिथे जाणाऱ्यांना अजून तेच नाव आहे.

दुपारी थोरली तिचा हात धरून बाईंकडे घेऊन आली. बाई आता खूप वाकल्या आहेत. त्यांनी सगळं ऐकलं, आणि घरातलं, दवाखान्यातलं मीही तिथेच ऐकलं. तू माझ्याशी खोटं का बोललीस, असं त्या म्हणाल्या नाहीत. थोरली रडू लागली, म्हणाली, हे माझ्या तोंडामुळे झालं. धाकटीने तिला सांगितलं, "ताई, तुझं तोंड असेल, पण डोकं माझंच होतं. तेच खाली केलं मी."

त्यावर कुणी हसलं नाही. खालचा छापखाना चालू होता.

आता दोघी दुपारी येतात. थोरलीला काहीच झालेलं नाही, तिला अजूनही काहीही करता येईल, पण ती माझ्या शेजारच्या बहिणीवर बसते आणि धाकटीबरोबर श्वास सोडते. सासूबाईंना कुणीतरी त्या दिवसाचं खरं कारण सांगितलं. तेव्हापासून त्या घरात फारसं बोलत नाहीत. नजर परत आलेली नाही. येणारही नाही. गोष्टीत येते, इथे नाही.

मित्रांनो, मी म्हातारी झाले. माझा रंग उडाला आहे आणि एका पायाचा रबरी बूट कधीच हरवला, त्यामुळे मी जरा लंगडते. तो कुणी बसवून दिलात, सांध्यांत तेलाचे दोन थेंब सोडलेत, तर उपकार होतील. पण मागणं तेवढंच नाही. तुम्ही मोठे व्हाल, योग शिकाल, पोहायला शिकाल, आणखी काय काय शिकाल. कोणता वर्ग मोठा, कोणता अवघड, कुठे टाळ्या जास्त, हे बघत बसू नका. जिथे तुमचं दुखणं सांगून झाल्यावरही तुमची जागा बदलत नाही, तो वर्ग तुमचा. तो सापडला की कुणाच्या हसण्यापायी सोडू नका. आणि तुमच्या शेजारचा कुणी खुर्चीवर बसला, तर त्याला हसण्याआधी एवढंच लक्षात ठेवा, की तो का बसला आहे हे तुम्हाला ठाऊक नाही.

या दिवसांत दुपारीही थंडी असते आणि लोखंड फार गार पडतं. धाकटी येते, हवेत हात फिरवून मला शोधते. सापडले की लगेच बसत नाही. दोन्ही तळहात माझ्यावर टेकवून थोडा वेळ तशीच उभी राहते, मला ऊब येईपर्यंत. मग बसते.